डॉक कुचेराचं पाचवं चाक

सेंट प्रोकॉप चर्चच्या सोडतीत आपल्याला एकोणतीस फूट लांबीचं घर लागलं आहे, ही बातमी मायलो कुचेराला मिळाली तेव्हा तो मक्याचं कणीस खात होता. पुढची दोन मिनिटं तो ते कणीस तसंच दातांत धरून उभा राहिला. व्लास्ता गावात सोडतीचं तिकीट कोणी जिंकण्यासाठी घेत नाही. दारात फादर उभे असतात, मागे माणसं खोळंबलेली असतात, म्हणून घेतात. शाळेच्या बँडसाठी, अग्निशामक दलाच्या नळीसाठी, चर्चच्या छपरासाठी मायलोने आयुष्यभर अशी तिकिटं घेतली होती आणि त्यातलं एकही त्याला लागलं नव्हतं. यात कुठेतरी एक सभ्यपणाचा करार आहे असं तो धरून चालला होता. यंदा तो करार चर्चनेच मोडला.

घर चाकांवरचं होतं. झोपायची खोली, न्हाणीघर, ओटा, गॅस, एवढंच काय पण लाकडाच्या जागी बल्ब पेटणारी एक खोटी शेकोटीसुद्धा होती. सगळा संसार आत आणि खाली चाकं. ते चर्चच्या वाहनतळावर नेमकं मधोमध उभं होतं.

"मायलो, अभिनंदन," फादर झेलेनी म्हणाले आणि त्याच श्वासात पुढे म्हणाले, "हलवतोस कधी?"

"हलवू की फादर. घाई काय आहे?"

"सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी बदकाचं जेवण आहे. आठशे पानं उठतात. गाड्या कुठे लावणार लोक, तुझ्या दिवाणखान्यात?"

फादरांची थट्टा अशीच असे. तिच्यात मुदत असे.

मायलोने चौतीस वर्षं गावातलं एकमेव औषधांचं दुकान चालवलं होतं. वसंतात ते विकून तो निवृत्त झाला. तो डॉक्टर नव्हता, पण खरा डॉक्टर चाळीस मैलांवर असल्यामुळे लोक त्याला 'डॉक' म्हणत आणि खोकल्यापासून जावयापर्यंत सगळ्यावर त्याचा सल्ला घेत. त्याच्याकडे एक पिकअप होती. नेब्रास्कात पुरुषाकडे पिकअप नसली तर लोक तब्येतीची चौकशी करतात, म्हणून घेतलेली. दोन नाताळची झाडं आणि एक शीतकपाट एवढंच ओझं तिने आजवर वाहिलं होतं. तिच्या मागच्या बंपरला एक लोखंडी गोळा होता. ट्रेलर त्या गोळ्यावर अडकवायचा आणि निघायचं, अशा समजुतीने मायलो सोमवारी सकाळी चर्चपाशी पोचला.

ट्रेलरला पुढे अडकवायला काही नव्हतंच. ट्रेलरचा पुढचा भाग एखाद्या मानी माणसाने हनुवटी वर करावी तसा उचललेला होता आणि त्या हनुवटीखाली एक लोखंडी खुंटा लोंबत होता, मायलोच्या छातीच्या उंचीवर. कागदावर तर स्पष्ट लिहिलं होतं, 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवं चाक. मायलोने चाकं मोजली. चार भरली. त्याने दुसऱ्या बाजूने फेरी मारून पुन्हा मोजली. मग तो गुडघ्यावर बसून खाली पाहू लागला.

"काय हरवलंय, डॉक?" मागून आवाज आला. शेजारचा गेलन वर्थ होता. तो जन्मभर बियाणं विकून निवृत्त झाला होता आणि आता जिथे कोणी काही करत असेल तिथे घडीची खुर्ची घेऊन हजर होत असे.

"पाचवं चाक सापडत नाहीये."

गेलनने सावकाश खुर्ची उघडली, तो बसला आणि मग म्हणाला, "ते नाहीच त्याच्यात. ते तुला विकत घ्यायचंय. तिला 'हिच' म्हणतात, म्हणजे तुझ्या गाडीच्या हौद्यात बसवायची लोखंडी पकड, जबड्यासारखी. हा खुंटा त्या जबड्यात जातो आणि घर तुझ्या पाठीवर बसतं."

"हा खुंटा?"

"हाच."

"एवढ्याशावर अख्खं घर?"

"साडेनऊ हजार पौंड, सामानासकट."

मायलोने खुंट्याभोवती अंगठा आणि तर्जनी धरून जाडी पाहिली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीएवढी होती. आयुष्यभर ज्याने मिलिग्रॅममध्ये विचार केला, गोळी अर्धी करताना ज्याचा श्वास रोखला जायचा, त्या माणसाच्या डोक्यात हे शिरेना. तो घरी आला आणि जेवताना बायकोला बोटांनी माप दाखवत म्हणाला, "लव्हॉन, एवढासा आहे. आणि त्यावर सगळं."

लव्हॉन दुसरीच्या वर्गाची बाई होती, तीही नुकतीच निवृत्त झालेली. "माझ्या वर्गात बत्तीस मुलं असायची," ती म्हणाली, "आणि मी एकटी. बटाटे वाढू?"

तिला या गोष्टीचं अप्रूप वाटत नाही, याचं मायलोला मनातून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गाव सल्ला देऊ लागलं. चौतीस वर्षं मायलोने काउंटरमागे उभं राहून गावाला सल्ला दिला होता आणि तो लोकांनी मुकाट्याने ऐकून घेतला होता. ती सगळी वर्षं गाव आतल्या आत किती साठवत गेलं होतं, हे आता उघड झालं. कॉफीच्या दुकानात दोन पंथ पडले. एका पंथाचं म्हणणं, हिच घट्ट बसवलेली, जागची न हलणारी घ्यावी. दुसऱ्याचं म्हणणं, मायलोच्या गाडीचा हौदा पडला साडेसहा फुटी, तोकडा. त्यात हिच पक्की बसवली आणि वळण जरा आवळून घेतलं, की ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेतून आत येणार. तेव्हा मागे सरकणारीच हवी. या दुसऱ्या पंथाकडे पुरावा म्हणून गेलनचा एक मेहुणा होता. सोमवारी गेलनने सांगितलं तेव्हा त्या मेहुण्याच्या काचेला नुसता तडा गेला होता. बुधवारी काच फुटली. शुक्रवारी मेहुण्याला काचेतून ओढून बाहेर काढावं लागलं, आणि रविवारपर्यंत त्याला एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं.

"तू पाहिलंस हे?" मायलोने विचारलं.

"मी बियाणं विकायचो," गेलन गंभीरपणे म्हणाला. "पेरणीत मला सवड कुठली?"

तिसरा एक जण होता, केशकर्तनालयाचा मालक. त्याचं मत होतं की हे सगळं विकून टाकावं आणि होडी घ्यावी. त्याला नदी कुठे आहे असं कोणी विचारलं नाही.

मायलोने दुकानातल्या सवयीप्रमाणे एक तक्ता केला. कोणतं औषध कशाबरोबर घेऊ नये याचा तो जसा करायचा, तसाच. आडव्या रकान्यात हिचचे प्रकार, उभ्या रकान्यात धोके. तक्ता पूर्ण झाला तेव्हा त्यातून असं निघालं की घरी बसणं सर्वांत सुरक्षित आहे. लव्हॉनने तो तक्ता पाहिला, एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि ती दोन चादरी घेऊन कुठेतरी बाहेर गेली.

मधल्या काळात नंबरप्लेटचं निघालं. ट्रेलर आयोवातून आलेला, तेव्हा त्याचा क्रमांक तपासल्याशिवाय प्लेट मिळत नाही. मायलो परगण्याच्या कचेरीत गेला. खिडकीमागे जोलीन होती, मायलोची वीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक.

"ट्रेलर इथे आणा, डॉक. आमचा माणूस क्रमांक बघेल, मग मी प्लेट देते."

"पण प्लेटशिवाय तो रस्त्यावर आणायचा कसा?"

"नाही आणता येणार. पकडतील."

"मग?"

जोलीनने शांतपणे त्याच्याकडे पाहिलं. "मग काय, असंच आहे ते. लोक येतात, विचारतात, थोडा वेळ उभे राहतात. डॉक, तुम्ही आलाच आहात तर विचारते, त्या गुडघ्याच्या गोळ्या जेवणाआधी की नंतर?"

"नंतर," मायलो म्हणाला. नियमाच्या त्या गोल, सांधा नसलेल्या घडणीकडे तो खरोखरच भारावून पाहत राहिला. औषधांच्या कायद्यातही त्याने इतकं बिनफटीचं काही पाहिलं नव्हतं. शेवटी जोलीनला गुडघ्याची दया आली असावी. तिने डेप्युटी शेरीफ रीसला चर्चवरच पाठवायचं कबूल केलं.

रीस आला तो रविवारी, प्रार्थना सुटायच्या क्षणाला. सरकारी काम आहे म्हणून त्याने गाडीवरचे लाल-निळे दिवे चालू ठेवले होते. त्याला ट्रेलरची लांबीही मोजायची होती आणि मदतीला कोणी नव्हतं.

"डॉक, हात वर करा आणि टेपचं टोक तिथे भिंतीला दाबून धरा. हलू नका."

चर्चची दारं उघडली तेव्हा दोनशे माणसांनी पाहिलं ते एवढंच, की मायलो कुचेरा दोन्ही हात वर करून ट्रेलरला तोंड लावून उभा आहे, पाय फाकलेले, आणि मागे पोलीस वहीत काहीतरी लिहितोय. कोणी काही विचारलं नाही. सगळे अदबीने लांबून वळसा घालून गेले. संध्याकाळी तीन बायका लव्हॉनकडे झाकलेली भांडी घेऊन आल्या, घरात काही वाईट घडलं की आणतात तशी.

प्लेट मिळाली. आता गाडी किती ओझं पेलेल ते ठरवायचं होतं. दाराच्या चौकटीवर तसा एक आकडा चिकटवलेला असतो, पण मायलोचा चिकटवलेल्या आकड्यांवर विश्वास नव्हता, कारण तसे आकडे त्याने स्वतः चौतीस वर्षं बाटल्यांवर चिकटवले होते. गाडी रिकामी किती आणि माणसांसकट किती, हे खरं वजन करून पाहायचं त्याने ठरवलं. एवढा मोठा काटा गावात एकच होता, धान्याच्या कोठारावरचा. मक्याची काढणी सुरू झाली होती. त्याची पिकअप काट्यावर चढली तेव्हा मागे धान्याचे नऊ ट्रक घरघरत उभे होते.

काट्यावरच्या डुएनचा आवाज भोंग्यातून आला. "डॉक, हे काय आणलंस? सोयाबीन?"

"आम्ही दोघंच आहोत. वजन बघायचंय."

वर भिंतीवर हातभर उंचीचे लाल आकडे उमटले. ते पार हमरस्त्यावरून दिसावेत अशी सोय आहे. सात हजार तीनशे चाळीस.

"आता एक जण उतरा," भोंगा म्हणाला.

लव्हॉन शेजारच्या सीटवर चष्मा लावून कोडं सोडवत होती. मायलो उतरला. लाल आकडे जरा चाचरले आणि स्थिर झाले. सात हजार शंभर.

नऊ ट्रकांच्या नऊ चालकांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. ज्याला जमली नाही त्याच्यासाठी भोंग्याने केली. "दोनशे चाळीस, डॉक."

मायलोच्या गाडी चालवण्याच्या परवान्यावर वजन दोनशे पाच पौंड लिहिलेलं होतं. तेही तिशीत लिहिलेलं. त्याच्या दुकानात काउंटरमागे 'आपलं वजन, आपली जबाबदारी' अशी पाटी होती, आणि रांगेतल्या निदान चार जणांना त्याने त्या पाटीकडे बोट दाखवून बोल लावले होते. त्यांतल्या एकाने हॉर्न वाजवला. फार नाही, एकदाच, आणि तोही मायेने.

"तुझा काटा वीस-वीसच्या टप्प्याने सरकतो," मायलो भोंग्याकडे बघून म्हणाला. "त्यात चूक धरायला हवी."

"बरोबर," भोंगा म्हणाला. "दोनशे साठसुद्धा असू शकेल."

लव्हॉन कोड्यातून मान वर न करता म्हणाली, "आत बस, मायलो. मागे मका खोळंबलाय."

हिच विकणारी डार्लिस ओक्सनर चाळीस मैलांवर राहत असे. गावातल्या दोन्ही पंथांचं एकमत असलेली ही एकच गोष्ट होती, की जायचं तर डार्लिसकडे. मायलोला वाटलं होतं दांडगी बाई असेल. निघाली चिमणीएवढी, सत्तरीची, पांढरी वेणी, बाह्यांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. तिने त्याचा तक्ता हातात घेतला, एक मिनिटभर पाहिला आणि घडी घालून त्याला परत दिला.

"छान आहे," ती म्हणाली. "जपून ठेवा. ट्रेलर कुठला, गाडी कुठली, हौदा केवढा?"

मायलोने सांगितलं. तिने हौद्यात हात टाकून कोपरापासून वितींनी माप घेतलं आणि मान हलवली.

"सरकणारी लागेल. आता तिच्यात दोन प्रकार. एक हाताने सरकवायची. आवळ वळण आलं की थांबायचं, उतरायचं, दांडा ओढायचा. दुसरी वळणावर आपोआप मागे सरकते, सरळ झालं की आपोआप पुढे येते. जड आहे, पण विचार करावा लागत नाही. तुम्ही विसरता का?"

मायलोच्या मनाला हे लागलं. "बाई, चौतीस वर्षांत मी एक गोळी चुकीची दिली नाही."

डार्लिसने लव्हॉनकडे पाहिलं. "विसरतात?"

"गोळ्या नाही," लव्हॉन म्हणाली. "बाकी सगळं."

"आपोआपची," डार्लिस म्हणाली आणि विषय संपला. तीन आठवडे गावाने, तक्त्याने आणि एका अदृश्य मेहुण्याने जे सुटू दिलं नव्हतं ते दोन बायकांनी चार वाक्यांत सोडवलं. मायलोला राग यायला हवा होता, पण तो येईना, कारण डार्लिसने तेवढ्यात कोपऱ्यातली हिच उघडी केली होती.

काळी, ग्रीसने तुकतुकीत, मधोमध खाच असलेली थाळी होती ती. डार्लिसने ट्रेलरचा एक तोडलेला खुंटा दांडीला बसवून ठेवला होता. तो तिने खाचेतून आत ढकलला. कुठूनतरी आतून दोन जबडे आले आणि खुंट्याला मिठी मारून बसले. 'खट्' असा एकच आवाज झाला. मोठा नव्हता. चांगल्या कपाटाचं दार लागावं तसा.

"पुन्हा करा," मायलो म्हणाला.

तिने सात वेळा केलं. तिला घाई नव्हती. असे लोक तिला ओळखू येत असावेत.

"याला पाचवं चाक का म्हणतात?" मायलोने दबक्या आवाजात विचारलं.

"घोडागाड्यांपासून चालत आलंय. चार चाकं रस्त्यावर असायची आणि एक गोल चकती पुढच्या आसावर आडवी झोपवलेली, चाकासारखी. तिच्यावर गाडी वळायची. चार चाकं नुसती धावतात हो. वळवतं ते पाचवं."

मायलोने टोपी काढली. उकडत होतं म्हणून काढली असं तो नंतर म्हणाला.

मग डार्लिसने त्याच्या नव्यासारख्या पिकअपच्या हौद्याला भोकं पाडायला घेतली तेव्हा तो बाहेर जाऊन गवतात उभा राहिला आणि सगळं संपेपर्यंत आत आला नाही. निघताना तिने बजावलं. "तीन गोष्टी. मागे घेण्याआधी हौद्याचा मागचा फाळका खाली पाडायचा. जबडा मिटला की नाही ते वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आवाजावर विसंबायचं नाही. आणि निघण्याआधी एकदा हलकेच ओढून पाहायचं." मायलोने हे तिन्ही औषधाच्या चिठ्ठीवर लिहितात तसं स्वच्छ अक्षरात लिहून गाडीच्या स्टिअरिंगच्या चाकासमोर चिकटवलं. खाली सवयीने 'लहान मुलांपासून दूर ठेवा' असंही लिहिलं.

बदकाच्या जेवणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, घर हलवायचं होतं. बायका कोबी शिजवत आणि बदकं सोलत आत असणार आणि पुरुष मंडप बांधत मागे असणार, असा मायलोचा हिशेब. प्रत्यक्षात चाळीस माणसं वाहनतळावर वाट बघत उभी होती. गेलनने आज खुर्च्या दोन आणल्या होत्या. कोणीतरी मायलोच्या हातात कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, घातलेली कागदी थाळी दिली. नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्याने ती समोर ठेवली, नेमकी चिठ्ठीवर.

"डावीकडे घे," गेलन म्हणाला.

"उजवीकडे," केशकर्तनालय म्हणालं.

"सरळ, सरळ," फादर म्हणाले, ज्यांना गाडी चालवता येत नव्हती.

मायलोने कोणाचंही मन मोडलं नाही. तो जरा डावीकडे, जरा उजवीकडे, पण एकंदरीत सरळ मागे येत राहिला. चाळीसही माणसं श्वास रोखून खुंट्याकडे बघत होती, त्यामुळे फाळका वर आहे हे एकालाही दिसलं नाही. आवाज डार्लिसच्या दुकानातल्या आवाजापेक्षा बराच वेगळा आला. मायलो उतरून मागे गेला. फाळका मधोमध दुमडला होता, पुस्तक मिटावं तसा. आत स्वयंपाकघरात कोणाच्या हातून डाव पडला तो बाहेर स्पष्ट ऐकू आला.

"मी म्हणणारच होतो," गेलन म्हणाला.

मायलो फाळक्यापाशी वाकला. तो दुमडलेल्या पत्र्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. वजनाचं ठीक होतं, पोलिसाचंही ठीक होतं, पण हे सांगितलेलं होतं, त्याने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलं होतं. आयुष्यभर तो लोकांना म्हणत आला होता, लिहिलंय ना, मग वाचत का नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून लव्हॉन आली. तिने एप्रनला हात पुसले आणि ती म्हणाली, "सगळ्यांनी पायरीवर बसायचं."

आवाज चढलेला नव्हता. पण त्या चाळिसांतली निदान पंचवीस माणसं तिच्याकडे दुसरी शिकली होती. ती बसली. त्यांच्याबरोबर उरलेलीही बसली, फादरसकट. गेलन स्वतःच्या दोन्ही खुर्च्या सोडून पायरीवर बसला.

लव्हॉनने कागदी थाळी उचलून चिठ्ठी मोकळी केली. दोघांनी मिळून वाकडा फाळका ओढून काढला आणि बाजूला ठेवला. "आता माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "आणि कोणाकडेही नाही." ती ट्रेलरच्या कडेला उभी राहिली आणि एका बोटाने त्याला बोलावत गेली, फळ्यापाशी मुलाला बोलवावं तशी. गाडी इंचाइंचाने मागे आली. खट्.

मायलो उतरला, हौद्यापाशी वाकला आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जबडा मिटला होता. त्याने सुरक्षेची दोरी जोडली, दिव्यांची तार जोडली, ट्रेलरचे पुढचे पाय वर घेतले. घर त्याच्या गाडीवर बसलं तेव्हा पिकअप खाली दबली आणि हुंकार दिल्यासारखी थांबली. त्याने हलकेच ओढून पाहिलं. मग लव्हॉन शेजारी येऊन बसली आणि तो निघाला.

वाहनतळाच्या तोंडाशी वळण आवळ होतं. मायलोने चाक फिरवलं आणि आरशात त्याला ट्रेलरचा पांढरा कोपरा मागच्या काचेकडे येताना दिसला. मेहुणा आठवून त्याने मान खांद्यांत घेतली. आणि मग पाठीमागे ती काळी थाळी सरकली. कोणी न सांगता, कोणी दांडा न ओढता, अदबीने एक पाऊल मागे झाली. कोपरा वीतभर अंतरावरून काचेसमोरून गेला. गाडी सरळ झाली तशी थाळी परत पुढे येऊन जागेवर बसली. मायलोने मान खांद्यांतून बाहेर काढली. पायरीवर बसलेले पुरुष उभे राहिले होते. ते घर समोरून जाताना एकेकाने टोपी काढली, आणि ती थट्टा नव्हती.

रस्त्याला लागल्यावर मायलोने उजवीकडचा दिवा लावला.

"डावीकडे," लव्हॉन म्हणाली.

"घर उजवीकडे आहे."

"घर मागे आहे, मायलो."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने एप्रन काढून घडी घालून मांडीवर ठेवला होता. डावीकडे हमरस्ता होता, पश्चिमेला जाणारा.

"उद्या बदकाचं जेवण आहे. तुझे डम्पलिंग?"

"सत्तावीस वर्षं केले. आज सकाळी पीठ मळून ठेवलंय. उकळायला कोणालाही येतं."

"पण आपल्याकडे कपडे नाहीत, काही नाही."

"सगळं आहे," लव्हॉन म्हणाली. तीन आठवडे तो हिच निवडत असताना ती रोज थोडं थोडं नेऊन ठेवत होती. चादरी, तवा, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, लोकरीचे मोजे, टोमॅटोच्या चाळीस बरण्या. कोणी पाहिलं नव्हतं, कारण सगळं गाव ट्रेलरच्या पुढच्या टोकाकडे बघत होतं.

मायलोच्या तोंडचं पाणी पळालं. "चाळीस बरण्या? वजन किती झालं त्यांचं?"

"मी त्या डुएनच्या काट्यावर नाही नेल्या."

मागून हॉर्न वाजला. मायलोने डावीकडचा दिवा लावला.

नेब्रास्काचं पश्चिमेचं टोक येईपर्यंत लव्हॉनला अकरा फोन आले. उकळायला कोणालाही येत नव्हतं. "झाकण काढायचं नाही," ती सांगत होती. "नाही. बघण्यासाठीही काढायचं नाही." शेवटचा फोन फादरांचा होता. त्यांनी झाकण काढलं होतं. मग वायोमिंग लागलं आणि फोनचा आवाज तुटला. लव्हॉनने तो सामानाच्या कप्प्यात टाकला आणि पुढचे शंभर मैल नुसती खिडकीबाहेर बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते बिगहॉर्नच्या डोंगरात चढले. घाट असा की खालचा रस्ता पुसटशा दोऱ्यासारखा दिसत होता. मायलो दोन्ही हातांनी चाक धरून, खालच्या गिअरमध्ये, ताशी तीस मैलांनी चढत होता. दर वळणाला थाळी मागे सरकत होती आणि दर सरळीला पुढे येत होती. त्याच्या मागे साडेनऊ हजार पौंडांचं घर, चाळीस बरण्या अधिक, एका खुंट्यावर लटकून निमूट येत होतं. माथ्यावर गाड्या थांबवून दरी बघायची जागा होती. तिथे त्याने गाडी लावली.

लव्हॉनने थर्मासमधून कॉफी ओतली आणि ती कठड्याकडे गेली. पुढे साठ मैलांचं खोरं पसरलं होतं, पिवळी पडलेली झाडं, पलीकडे निळे डोंगर आणि त्यांच्या पलीकडे आणखी निळे.

मायलो हौद्यात चढला. गुडघ्यांवर बसून त्याने थाळीवर तळहात ठेवला. ती उबदार होती. ग्रीसमध्ये खुंटा फिरल्याच्या बारीक, गोल रेषा उमटल्या होत्या, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. घाटातलं प्रत्येक वळण तिथे लिहिलेलं होतं.

"काय झालं, मोडलं का काही?" शेजारी थांबलेल्या गाडीतला मिनेसोटाचा एक लठ्ठ गृहस्थ जवळ आला.

"नाही," मायलो म्हणाला. "बघतोय नुसतं."

तो गृहस्थही वाकला. त्याने पाहिलं, खुंट्याची जाडी पाहिली, मागच्या घराकडे पाहिलं, पुन्हा खुंट्याकडे पाहिलं. "अरेच्चा," तो हळूच म्हणाला. त्याची बायको काय आहे ते बघायला आली. मग दोन मोटरसायकलवाले आले, मग एक म्हातारं जोडपं आपल्या कुत्र्यासह. अपघात झालाय असं वाटून आणखी एक गाडी थांबली. कोणी सल्ला दिला नाही. मायलो बोटाने रेषा दाखवत होता आणि सगळे हौद्याच्या काठावर कोपरं टेकून आत बघत होते.

लव्हॉन त्याला हाक मारायला मागे वळली. तिला दिसल्या त्या नऊ पाठी. ती कप घेऊन आली, दोन मोटरसायकलवाल्यांच्या मधून तिने खांदा घातला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्या थाळीत वाकून पाहिलं.  मग तिने हात पुढे केला आणि एका बोटाने सगळ्यांत आतली, सगळ्यांत लहान रेष गिरवली.

"हे ते शेवटचं वळण?" तिने विचारलं.

"हो," मायलो म्हणाला.

"जरा सरका हो," ती शेजाऱ्याला म्हणाली आणि तिने नीट दिसावं म्हणून चष्मा लावला. कठड्यापलीकडे एका मोठ्या ढगाची सावली डोंगरावरून उतरून सबंध खोरं ओलांडत गेली, आणि तिकडे बघायला कुत्र्याशिवाय कोणी नव्हतं.